नवव्या फेकीनंतर

नाना सकाळी साडेसातला नाट्यगृहाचं मागचं दार उघडायचे तेव्हा आत चिटपाखरू नसायचं, आणि त्यांना तेच हवं असायचं. कामाची वेळ नऊची. इतक्या लवकर का येता, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मशीन तापायला वेळ लागतो." मशीन तापायला चार मिनिटं लागायची. हे इंजिनिअरबाईंना ठाऊक होतं, पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं. पण म्हाताऱ्या माणसाशी कोण हुज्जत घालणार? तसे नाना स्वतःला म्हातारे म्हणवून घेणाऱ्यांतले नव्हते. एकसष्टावं चालू होतं, पाठीचे दोन मणके सरकलेले होते, डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण कुणी म्हातारे म्हटलं की नाकपुड्या फुगायच्या.

हे मशीन काय करतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, तेव्हा जरा दम धरा. खेळ असा. रंगमंचावर अंधार. एक मुलगी उभी राहून तीन पांढरे चेंडू हवेत उडवते. वर जाताना चेंडूवर अंड्याचं चित्र असतं. पार शेंड्याला पोचला की अंड्याला तडा जातो, आणि खाली येतं ते पाखरू, ओल्या पंखांचं. हातात पडलं की पुन्हा अंडं. चेंडूत दिवा नाही, वायर नाही, काही नाही. चित्र येतं ते मागच्या उंच खोलीतल्या मशीनमधून. कॅमेरा चेंडूला सेकंदात हजार वेळा बघतो, दोन चिमुकले आरसे वळतात आणि उजेड चेंडूवर जाऊन बसतो. पण कॅमेऱ्याने बघून आरसे वळेपर्यंत चेंडू दोन बोटं पुढे सरकलेला असतो. म्हणून तो पुढे कुठे असणार याचा अंदाज बांधून मशीनला आधीच तिथे नेम धरावा लागतो.

आणि अंदाज बांधायचा तर फेकणाऱ्याचा हात पाठ असावा लागतो. कुणी मनगटातून फेकतं, कुणी खांद्यातून, कुणी दमलं की डावीकडे झुकतं. अक्षराला जसं वळण असतं तसं हाताला असतं, आणि नाट्यगृहात सगळे त्याला वळणच म्हणायचे. दोन दिवस मशीनसमोर उभं राहून चारेक हजार फेकी टाकल्या की वळण आत उतरायचं. मग रोज सकाळी आरसे नीट फिरतात ना, हे बघायला मशीन तेच वळण मागच्या रिकाम्या भिंतीवर चालवून दाखवायचं. उजेडाचे तीन गोल चढायचे, थबकायचे, उतरायचे. समोर ना माणूस ना चेंडू, नुसत्या फेकी.

ही भिंतीची चाचणी घेणं हे नानांचं काम. भिंतीसमोर एक मोडकी खुर्ची होती, तिच्यावर बसून ते मोजायचे. सात, आठ, नऊ. नवव्या फेकीनंतर तिन्ही गोल अर्धा श्वास रेंगाळायचे आणि मग पुढे चालू व्हायचे. त्या अर्ध्या श्वासासाठी नाना साडेसातला यायचे.

कारण ते वळण भिंगरीचं होतं. भिंगरी म्हणजे नानांची लेक. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून आईने ठेवलेलं नाव, पुढे तेच चिकटलं. खेळ करताना तिच्या कपाळावरची बट डोळ्यात यायची. हात तर रिकामे नाहीत, मग नऊ फेकी झाल्या की ती कोपराने बट मागे सारायची आणि तेवढ्यापुरता चेंडू हातात किंचित जास्त ठेवायची. "एक चाप लाव की डोक्याला," असं तिची आई शंभरदा तरी म्हणाली असेल. मशीनला बिचाऱ्याला केस म्हणजे काय ते कुठलं कळायला! त्याला एवढंच कळलं की नऊ झाल्या की थांबायचं.

नानांचं आधीचं आयुष्य गेलं विटांत. बांधकामावर ते खाली उभे, त्यांची बायको वर परांचीवर. नाना विटा उडवायचे, ती झेलून गवंड्याच्या हाताशी रचायची. वीस वर्षं हेच. आता वीट उडवणं म्हणजे काय मोठंसं, असं वाटत असेल तर एकदा उडवून बघा. वीट हवेत फिरली की झेलणाऱ्याची बोटं सोललीच म्हणून समजा. ती जराही न फिरता, भरल्या कपांचा ट्रे उचलावा तशी सपाट वर जायला हवी. शेंड्याला ती क्षणभर वर ना खाली अशी उभी राहते, तेव्हा नुसता हात पुढे करायचा. बायकोची बोटं वीस वर्षांत एकदाही सोलली नाहीत, आणि नानांना आयुष्यात कशाचा ताठा असेल तर तो याचा. एक वीट फेकली की ते खाली वाकायचे, दुसरी उचलायला. पहिली झेलली की नाही हे वर मान करून बघायचे नाहीत. आवाज आला नाही म्हणजे झेलली.

भिंगरी वाळूच्या ढिगावर बसून हे बघत मोठी झाली. आधी ढेकळं उडवायची, मग विटांचे तुकडे, मग घरातलं मिळेल ते. साबणाची वडी, बापाचा चष्मा, एकदा तर शेजारणीचं घड्याळ! पण तिच्या हातातून सुटलेली वस्तू कधी फिरायची नाही. नाव भिंगरी आणि फेकीला गिरकी म्हणून नाही. या खेळाला नेमकं तेच लागतं, कारण चेंडू फिरला की चित्र त्याच्यावरून घसरतं. नाट्यगृहाने तिला हातोहात उचललं. नानांची पाठ गेली तेव्हा तिनेच व्यवस्थापकाला सांगून बापाला इथे चिकटवलं. चार वर्षं बापलेक एका डब्यात जेवले.

मग समुद्रापलीकडच्या मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. भिंगरीने आधी आईला सांगितलं, आणि नानांना तिथेच मिरची लागली. आपण दिवसभर शेजारी आणि बातमी आपल्याला सगळ्यांत शेवटी? खरं दुखणं ते नव्हतंच. पोर डोळ्यांआड होणार, हे ते दुखणं होतं, पण हे सांगायला जीभ रेटेना. रेटली ती भलतीकडेच. "जायचं तर जा," ते म्हणाले. "पण मग बाप मेला म्हणून समज." म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले. पोरगी दुसऱ्या आठवड्यात गेली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

दर रविवारी तिचा आईला फोन यायचा. नाना उठून गच्चीत जायचे आणि तिथे उगाच दोरीवरचे कपडे चाचपायचे. दर वेळी आई दारात येऊन सांगायची, "पाठ कशी आहे, विचारतेय." नाना म्हणायचे, "कपडे अजून ओले आहेत." बायको कपाळाला हात लावायची. सोमवारी मात्र हेच गृहस्थ सात वाजताच खुर्चीवर हजर असायचे, मशीन तापवायला!

खेळ जवळजवळ दोन वर्षं बंद होता. मग व्यवस्थापकाने नवी मुलगी आणली. बारीकशी, केस अगदी कानाच्या वर कापलेले, हात चपळ. आल्याआल्या तिने नानांना वाकून नमस्कार केला, तरी नानांना ती डोळ्यासमोर नको झाली. भिंगरीच्या जागेवर उभी राहते म्हणजे काय! पोरीचा काय दोष, पण राग काय दोष बघून येतो? इंजिनिअरबाईंनी दोन दिवस बसून तिचं वळण घेतलं. आता मशीन सुरू केलं की पडद्यावर दोन खुणा यायच्या, जुनं वळण आणि नवं वळण. नाना सकाळी जुनं लावायचे, अर्धा तास भिंत बघायचे, आणि माणसं यायच्या आत नवं लावून ठेवायचे. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

पहिले दोन दिवस चित्र झकास बसलं. तिसऱ्या दिवसापासून बिघडलं. अंडं चेंडूच्या खाली घसरायचं, तडा शेंड्याच्या आधीच जायचा, पाखराचं डोकं चेंडूवर आणि पंख मागच्या पडद्यावर. इंजिनिअरबाईंनी कॅमेरा उघडला, आरसे बदलले, तारा तपासल्या. व्यवस्थापक येऊन बघून गेला आणि जाताना म्हणाला, "शनिवारपर्यंत बसलं तर ठीक. नाहीतर ह्या मुलीला घरी पाठवू. सोपं काम आहे."

बुधवारच्या तालमीत इंजिनिअरबाई वैतागून म्हणाल्या, "एक गंमत बघा नाना. नऊ फेकी झाल्या की चित्र अडखळतं. दर वेळी नऊ. हिचा हात तर कुठेच थांबत नाही. मग हे थांबतं कुणासाठी?"

नानांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांनी रंगमंचाकडे पाहिलं. चेंडू वर होता आणि पाखरू त्याच्या दोन बोटं डावीकडे, जरा खाली, अंधारात पंख हलवत उतरत होतं. ती जागा त्यांना पाठ होती. भिंगरीचा चेंडू असता तर तो तिथेच असता.

"बाई," त्यांनी जमेल तितकं सहज विचारलं, "सकाळी भिंतीवर जुनं काही चालवलं, तर नव्याला बाधतं का हो?"

"बाधतं म्हणजे! सकाळी भिंतीवर जे चालवाल तो आजचा धडा, असं मशीन धरून चालतं आणि हळूहळू मिसळून टाकतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं खरं. नाना तेव्हा आरसे पुसत होते आणि मान हलवत होते. मधली दोन वर्षं जुन्यात जुनंच मिसळत राहिलं, त्यामुळे कुणालाच पत्ता लागला नाही.

त्या संध्याकाळी ते ताट तसंच सारून गच्चीत जाऊन बसले. त्यांना मार्ग दिसत होता आणि तो नको होता. सांगितलं तर बाई सगळं पुसणार. घरात भिंगरीचे फोटो होते, शाळेचं दप्तर होतं, पण ते सगळं गप्प बसलेलं. तिचं हलतं, वागतं असं जगात एकच ठिकाण होतं, ती भिंत. त्यांनी स्वतःची समजूत घातली की उद्यापासून जुनं लावायचं नाही, म्हणजे आपोआप सुधारेल.

गुरुवारी त्यांनी नवंच लावलं. चित्र तसंच घसरलं. दुपारी नवी मुलगी पायरीवर बसून बोटांना पट्टी गुंडाळत होती. दोन बोटं सुजून टम्म झाली होती. शेजारी तिची पिशवी भरून ठेवलेली.

"कुठे निघालीस?" नानांनी विचारलं. तिच्याशी आपणहून बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"शनिवारी जायचंच आहे ना. आवरून ठेवलं." ती हसली, पण हसू काही तोंडावर टिकलं नाही. "माझाच हात वाईट असणार नाना. एवढं महागाचं मशीन खोटं कशाला बोलेल?"

नाना तिथेच, शेजारच्या पायरीवर बसले. कुणाच्या तरी पोरीने स्वतःच्या चांगल्या हाताला वाईट म्हणावं, आणि ते आपल्यामुळे! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. "तुझा हात सोन्यासारखा आहे," ते म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

इंजिनिअरबाईंसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. साडेसातचं, खुर्चीचं, बटेचं. बाई आधी लालबुंद झाल्या. "नाना, मी तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही! तुम्हाला एक शब्द बोलता येत नव्हता?" मग नानांचा चेहरा बघून त्या चष्मा काढून पुसत बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "नव्यातून जुनं वेगळं काढता येणार नाही, एकजीव झालंय. आणि जुनं मशीनमध्ये राहिलं तर पुन्हा नव्यात झिरपणार. दोन्ही पुसून आत्तापासून नव्याने शिकवावं लागेल, तर कुठे शनिवार गाठू."

"पुसा."

"एकदा शेवटचं बघायचंय?"

नाना बघणार होते. पण रंगमंचाच्या कडेला तीन चेंडू पडले होते, आणि का कोण जाणे, त्यांनी त्यातला एक उचलला. बाईंनी वर मशीनच्या खोलीत जाऊन जुनं वळण लावलं. नानांनी गुडघे किंचित वाकवले, पाठीतून कळ निघाली, आणि त्यांनी वीट उडवतात तसा चेंडू उडवला.

अंडं चेंडूवर बसलं. घट्ट बसलं, केसभरही इकडेतिकडे नाही. शेंड्याला चेंडू क्षणभर उभा राहिला आणि तडा नेमका तिथेच गेला.

"अगं बाई," इंजिनिअरबाई वरून ओरडल्या. "हे तर तुमचंच वळण आहे."

नानांना ते ऐकू गेलं, पण तोवर ते सवयीने खाली वाकले होते, दुसरा चेंडू उचलायला. मागे टप्प असा आवाज झाला. वळून बघतात तो चेंडू जमिनीवर, आणि त्याच्यावर ते ओलं पाखरू, तसंच गडगडत कोपऱ्याकडे चाललेलं. झेलायला हात पुढे करायचा असतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी जन्मात कधी काही झेललंच नव्हतं.

चेंडू थांबला, चित्र विझलं. नाना तिथेच उभे. मग जिना चढून मशीनच्या खोलीत गेले आणि बाईंना म्हणाले, "बटण दाखवा. मीच दाबतो."

गुरुवार दुपारपासून नव्या मुलीने फेकी टाकल्या. नानांनी घरून बायकोचा जुना मलम आणला, दर तासाला तिच्या बोटांना लावला, आणि मनगट कसं सैल ठेवायचं ते दाखवलं. शनिवारी सकाळी साडेसातला त्यांनी भिंतीची चाचणी लावली. तीन गोल चढले. फेक उंच होती, चटपटीत, एखादी तरुण पोर जिना चढते तशी. सात, आठ, नऊ. नाना श्वास रोखून थांबले. गोल थांबले नाहीत. दहा, अकरा, बारा. ते चौपन्नपर्यंत मोजत बसले आणि मग तोंडावर हात घेऊन रडले. साडेसातला कुणी नसतं, हे त्या दिवशी बरंच झालं.

अकरा वाजता व्यवस्थापकासमोर चित्र बसलं. एकदाही घसरलं नाही. नव्या मुलीने पिशवी उघडून कपडे पुन्हा खुंटीला लावले, आणि नाना कुणाला न सांगता घरी गेले.

बायको भाजी निवडत होती. नवऱ्याला अवेळी दारात बघून म्हणाली, "काय हो, पाठ धरली?"

"तिला फोन लाव."

"आज शनिवार आहे."

"माहीत आहे. लाव." ते तिच्यासमोर खाली बसले. "मी वीस वर्षं विटा फेकल्या, त्यातली एक तरी पडली का गं?"

"नाही पडली."

"मी कधी बघितलं नाही."

"ठाऊक आहे मला. मी वरून तुमचं टक्कलच तर बघत होते." तिने भाजीचे हात पदराला पुसले. मग नवऱ्याचा चेहरा बघून तिने थट्टा आवरती घेतली. "विटा नाही पडल्या हो. पण त्या दिवशी तिला जे बोललात ना, ते सपाट नाही गेलं. गरगरत गेलं. लागलं तिला."

"मला फार आठवण येते तिची," नाना म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

बायकोने फोन लावला, त्यांच्या हातात दिला आणि आत जाऊन उगाच भांडी वाजवायला लागली.

"हां आई, काय गं, आज कशी काय? सगळं बरं ना?"

"मी आहे," नाना म्हणाले.

नानांची मान खाली जायला लागली होती. त्यांनी ती वर धरली आणि थांबून राहिले.

"बाबा? पाठ कशी आहे तुमची?"

"दुखते." नाना म्हणाले. "भिंगरे, मशीनमधलं तुझं वळण पुसलं. मीच पुसलं. रोज सकाळी बघत होतो. आता भिंतीवर काही नाही, म्हणून फोन केला. त्या दिवशी मी वाईट बोललो. चुकलो."

ती म्हणाली, "थांबा बाबा. कॅमेरा लावते. दिसतेय का बघा."

फोनच्या पडद्यावर आधी छत आलं, मग एक खिडकी, मग ती. लांबचं कनेक्शन, चित्र आवाजाच्या मागे पडत होतं. आवाज म्हणाला, "दिसले का मी?" आणि चेहरा अजून गप्पच होता. एरवी एवढं चित्र मागे पडलं असतं तर नानांनी मशीन उघडायला लावलं असतं. आता ते पडदा दोन्ही हातांत धरून बसून राहिले. बट डोळ्यात आली होती. तिच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात कपडे की काहीतरी. नाना थांबले, आणि जरा उशिराने तिचं कोपर वर आलं.